टायची साधी गाठ : सोमवारच्या आत शिकायची आहे

भीमाकाठ | गुरुवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोमवारी कॉलेजात कंपनी येतेय आणि मुलाखतीला टाय सक्तीचा केलाय. शाळेतही टाय होता, पण तो इलॅस्टिकचा, गाठ कायमची शिवलेली. खरा टाय काल पहिल्यांदा हातात घेतला. गडद निळा आहे, बारीक पांढरे ठिपके, चकचकीत पॉलिस्टर.

घरात कोणालाच टाय बांधता येत नाही. आमचे अण्णा पटका असा बांधतात की दिवसभर शेतात वाकून काम केलं तरी हलत नाही, पण टाय त्यांनीही कधी हातात धरलेला नाही. हॉस्टेलवर आम्ही सहाजण आहोत, सगळ्यांची हीच परिस्थिती.

काल रात्री तीन तास व्हिडिओ बघितले. समोरचा माणूस 'उजवीकडून डावीकडे' म्हणतो तेव्हा त्याची उजवी की माझी हेच कळत नाही. आरशासमोर उभा राहिलो की पुन्हा सगळं उलटं. एकदा कशीबशी गाठ बसली, तर रुंद टोक बेंबीच्या वर आणि अरुंद टोक पार पट्ट्याच्या खाली लोंबत होतं. कोणी शब्दांत, सावकाश सांगेल का? माझी उंची पाच फूट तीन इंच आहे, त्याने काही फरक पडत असेल तर.

सई_डोंबिवली | गुरुवार, रात्री १०.३१

लांबीची चूक सुरुवातीलाच होते. गळ्यात टाकताना रुंद टोक बरंच खाली ठेव, अरुंदापेक्षा वीतभर तरी. बाकीचं जाणकार सांगतीलच. सोमवारसाठी शुभेच्छा!

माटुंगा_७८ | गुरुवार, रात्री ११.०४

भीमाकाठ, तुझ्या वयाचा नातू आहे मला, म्हणून अरेतुरे करतोय.

मी हॉटेल मॅनेजमेंट शिकलो आणि पुढे पस्तीस वर्षं रोज सकाळी टाय बांधला. हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या आठवड्यात हीच गाठ शिकवायचो. हिला फोर-इन-हँड म्हणतात. सगळ्यात साधी, कमी कापड खाणारी, आणि कोणत्याही कॉलरला चालणारी. मुलाखतीला हीच बांध. इंटरनेटवर दिसणाऱ्या फुगीर गाठींच्या मागे आत्ता लागू नकोस.

पहिली गोष्ट, आरसा बाजूला ठेव. टाय गळ्यात घालूच नकोस. खुर्चीवर बस आणि टाय मांडीखालून घाल, गुडघ्यापासून चार बोटं अलीकडे. शिवण आतल्या बाजूला, मांडीकडे. दोन्ही टोकं वर काढून गुडघ्याच्या दिशेने सोड. रुंद टोक उजव्या हाताला, अरुंद डाव्या हाताला. आता गाठ तुझ्या डोळ्यांसमोर होणार आहे, आणि हात ज्या बाजूंनी फिरतील त्याच बाजूंनी गळ्यातही फिरायचे आहेत. अरुंद टोक जागचं हलत नाही. सगळं काम रुंद टोकाचं.

रुंद टोक अरुंदावरून डावीकडे ने.
आता अरुंदाच्या खालून परत उजवीकडे आण. इथे टायची उलटी बाजू, शिवणीची, वर दिसेल. दिसायलाच हवी.
पुन्हा वरून डावीकडे ने. हा जो आडवा पट्टा झाला तोच उद्या तुझ्या गाठीचा दर्शनी भाग. त्याच्या खाली डाव्या हाताचं एक बोट घालून ठेव.
रुंद टोक गळ्याच्या फासातून खालून वर काढ. मांडीवर करतोयस तर 'वर' म्हणजे तुझ्या पोटाकडे.
आणि बोट काढत काढत ते टोक त्या आडव्या पट्ट्याच्या आतून खाली सोड.

मी पोरांना तोंडाने म्हणायला लावायचो: वरून, खालून, वरून, गळ्यातून, बोगद्यातून. मोठ्याने म्हण. हॉस्टेलवर कोणी बघत असेल तर त्यालाही म्हणायला लाव.

आवळताना घाई नको. आधी रुंद टोक खाली ओढून गाठीला आकार दे, मगच अरुंद टोक एका हाताने धरून दुसऱ्या हाताने गाठ वर सरकव. पोरं थेट सरकवायला जातात आणि गाठीची सुरकुतलेली पुरचुंडी होते. आवळण्याच्या शेवटच्या क्षणी गाठीच्या बरोबर खाली कापड मधोमध तर्जनीने किंचित दाबून धर आणि दोन बाजूंनी चिमटीत घे. तिथे एक खळी पडते. ती खळी पडली की टाय जिवंत दिसतो.

मांडीवर दहा वेळा जमल्यावर डोळे मिटून पाच वेळा. त्यानंतर गळ्यात.

खडीसाखर | गुरुवार, रात्री ११.२०

बोगदा! हा शब्द मला वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितला असता तर फार बरं झालं असतं. वाचनखूण साठवली.

मोकळा_श्वास | शुक्रवार, सकाळी ८.१२

मुलाला मदत करताय ते उत्तमच, पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. आपल्या हवेत टाय कशासाठी? मे महिन्यात चाळीस अंशांत गळ्याभोवती कापड आवळून मुलांना रांगेत उभं करायचं, आणि जो मुलगा शिकलेला आहे पण ज्याच्या घरात टाय नाही तो दाराशीच बुजतो. जपानसारख्या शिस्तीच्या देशाने २००५ पासून उन्हाळ्यात कचेऱ्यांमधून टाय उतरवले, विजेची बचत म्हणून. इंग्लंडमध्ये २००७ साली सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांना रुग्ण तपासताना टाय घालू नका असं सांगितलं गेलं, कारण तो रोज धुतला जात नाही आणि रुग्णांना लागत राहतो. जिथून ही पद्धत आपल्याकडे आली तिथेच ती सैल होतेय. भीमाकाठ, तुझ्यावर राग नाही. सक्ती करणाऱ्यांवर आहे.

पिंपळपान | शुक्रवार, सकाळी ९.४०

मोकळा_श्वास, सक्तीबद्दल तुमच्याशी सहमत आहे. पण टाय म्हणजे फक्त बाहेरून आलेली पद्धत, एवढ्यावर मला थांबता येत नाही.

आम्ही नागपूरचे. माझे आजोबा गिरणीत कामाला होते. वर्षभर खाकी पँट आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट. पण १४ एप्रिलला सकाळी आंघोळ झाली की ट्रंकेतून कोट निघायचा, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट, आणि त्यासोबत एक तपकिरी टाय. एकच होता त्यांच्याकडे. काठावर विरलेला, आजीने आतल्या बाजूने टाके घातलेले. तो बांधून ते बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला निघायचे. दीक्षाभूमीवर जातानाही तोच टाय.

ज्यांनी काय नेसावं, किती खाली नेसावं हे शेकडो वर्षं दुसऱ्यांनी ठरवलं, त्यांच्यासाठी कपडा ही साधी गोष्ट नसते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आमच्या बायकांना सांगितलं होतं की जिच्यावरून जात ओळखू येते ती लुगडं नेसण्याची तऱ्हा सोडून द्या. गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेब कोट-टायमध्ये उभे आहेत. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरीच्या संस्थेत शिकून आलेला आपला माणूस त्या कपड्यात उभा आहे, हे आजोबांना रोज दिसायचं. आजोबा स्वतः सातवी शिकलेले होते. तो टाय बांधताना त्यांचा चेहरा मी जवळून बघितलाय, कारण त्यांनी ती गाठ मला दहाव्या वर्षी शिकवली आणि हात थरथरायला लागल्यावर शेवटची सहा वर्षं त्यांचा टाय मीच बांधून दिला.

भीमाकाठ, त्यातून शिकलेली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. दुसऱ्याचा टाय बांधायचा असेल तर त्याच्या समोर उभं राहू नकोस. सगळं उलटं होतं, व्हिडिओत तुझं झालं तसंच. मागे उभा राहा, त्याच्या खांद्यांवरून दोन्ही हात पुढे आण आणि स्वतःचाच टाय बांधतोय असं समजून बांध. आजोबा खुर्चीत बसायचे, मी मागे उभी. हॉस्टेलवर सहाजण आहात म्हणतोस, तर हे लागेलच.

मोकळा_श्वास | शुक्रवार, सकाळी १०.०५

पिंपळपान ताई, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण असा विचार मी केला नव्हता. मनापासून लिहिलंत, आभार. सक्तीला विरोध कायम, टायला नाही.

काळा_डगला | शुक्रवार, सकाळी ११.३२

आमच्या व्यवसायातलं थोडं. लोकांना वाटतं वकील म्हणजे पांढरे बँडच, गळ्याशी लोंबणाऱ्या त्या दोन पट्ट्या. सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालय, जिल्हा आणि सत्र न्यायालय, शहर दिवाणी न्यायालय इथे बँड लागतात. त्याखालच्या न्यायालयांत बँडऐवजी काळा टाय चालतो, बार कौन्सिलच्या नियमात तशी मुभा आहे. मी तालुक्याच्या कोर्टात उमेदवारी केली ती काळ्या टायवर. पहिल्या दिवशी तो मला कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाने बांधून दिला होता. त्यांचं ऋण आहे.

चकचकीत पॉलिस्टरबद्दल सावध करतो. ते कापड गुळगुळीत असतं, तासाभरात गाठ आपोआप खाली घसरते आणि कॉलरचं वरचं बटण दिसू लागतं. तिसऱ्या पायरीला, म्हणजे आडवा पट्टा घेताना, कापड ताणूनच घे. शेवटी आवळलेलं पुरत नाही.

संख्यारेषा | शुक्रवार, दुपारी १.१५

१९९९ साली केंब्रिजच्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये टायच्या गाठींवर शोधनिबंध लिहिला होता. टायचं हलणारं टोक डावीकडे, उजवीकडे किंवा मध्ये, एवढ्या तीनच दिशांना जाऊ शकतं, आणि प्रत्येक वेळी एकतर अंगाकडे किंवा अंगापासून दूर. या नियमांनी नेहमीच्या लांबीच्या टायच्या एकूण ८५ गाठी होतात असं त्यांनी दाखवलं. पुढे इतर गणितज्ञांनी नियम सैल केले आणि आकडा लाखाच्या पलीकडे गेला.

तुझ्या कामाचं एवढंच: त्या मोजणीत फोर-इन-हँड चार चालींची, हाफ विंडसर सहा आणि विंडसर आठ. माटुंगाकाकांची पाचवी पायरी, बोगद्यातून खाली, ही प्रत्येक गाठीत शेवटी येतेच, म्हणून ती धरत नाहीत. म्हणजे तुला लक्षात ठेवायच्या चालीही चारच.

भीमाकाठ | शुक्रवार, रात्री ९.२०

सगळ्यांचे खूप आभार. दुपारच्या एसटीने गावी आलोय.

मांडीची युक्ती म्हणजे कमाल आहे. चौथ्या वेळेला जमलं! त्यानंतर ओसरीवर बसून जवळजवळ वीस वेळा बांधला-सोडला. अण्णा समोर बसून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी टाय हातात घेतला, अरुंद टोक धरून गाठ वर-खाली सरकवून पाहिली आणि म्हणाले, "ही तर सुरगाठच हाय की." मी नीट बघितलं तर खरंच. एक टोक स्थिर, दुसऱ्याचा त्याच्याभोवती वेढा, आणि वेढा सरकतो. निरगाठ नाहीच. हे कळल्यावर चाली पाठ करायची गरजच उरली नाही, हात आपोआप जायला लागले. त्यांनी आणखी एक सांगितलं: "जनावराच्या गळ्यात ही कधी घालत न्हाईत. वढलं की आवळती." आणि आरशाबद्दल विचारलं तर म्हणाले, पटक्याला कधी आरसा घेतलाय का, हाताला कळतं.

दोन अडचणी उरल्यात. एक, गाठ सरळ बसत नाही, एका बाजूला कललेली दिसते. दुसरी, रुंद टोक आता पट्ट्याच्या बकलापर्यंत बरोबर येतं, पण मागचं अरुंद टोक त्याच्याही खाली दोन बोटं डोकावतं.

काचबटण | शुक्रवार, रात्री १०.१०

शिवणकाम करते, टायही शिवलेत, म्हणून बोलते.

कललेली असणं हा या गाठीचा स्वभाव आहे. वेढा एकाच बाजूने जास्त बसतो, दुसरी बाजू तोलायला काही नसतं. थोडी तिरकी गाठ चांगलीच दिसते, तिला सरळ करायला जाऊ नकोस. गाठ कॉलरच्या मधोमध आहे ना एवढंच बघ.

दुसरी अडचण उंचीमुळे आहे, तुझ्या बांधण्यात खोट नाही. बाजारातला टाय साधारण १४७ सेंटिमीटरचा असतो, उंच असो की बुटका, सगळ्यांना तोच. तुझ्याकडे कापड शिल्लक राहतंय. ते गाठीत खर्च कर. तिसऱ्या पायरीनंतर लगेच वर न जाता आणखी एक पूर्ण फेरा घे: पुन्हा खालून उजवीकडे, पुन्हा वरून डावीकडे. मग गळ्यातून वर आणि दोन्ही पट्ट्यांच्या आतून खाली. गाठ जराशी जाड होईल आणि लांबी जुळेल. तरी टोक डोकावलंच तर टायच्या मागे जी आडवी पट्टी शिवलेली असते तिच्यातून ते ओवून घे, आणि उरलेलं शर्टाच्या दोन बटणांमधून आत सार.

एकदा सगळं जुळलं की गाठ सोडण्याआधी अरुंद टोक धरून ठेव. गाठ सोड आणि बघ, गळ्यात नुसता टाकलेला असताना ते टोक शर्टाच्या कितव्या बटणाशी येतं. तो आकडा लिहून ठेव. तोच शर्ट असेल तर पुढे कधीच मापात चूक होणार नाही.

आता टायच्या पोटातली गोष्ट, कारण लोक हौसेने टाय खराब करतात. टाय उलटा करून बघ, रुंद टोकाजवळ आत एक सैल दोरा असेल, बहुतेक वेळा त्याला छोटा फास असतो. तो निघालेला धागा समजून कापू नकोस. मागची सगळी शिवण त्या सैल दोऱ्यावर असते, म्हणून ओढल्यावर टाय ताणतो आणि परत जागेवर येतो. कापडही आडवं-उभं न कापता तिरकं, पंचेचाळीस अंशांत कापलेलं असतं. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ या टाय बनवणाऱ्याने १९२० च्या दशकात तिरक्या कापाचा, तीन तुकड्यांचा टाय आणला, तेव्हापासून बहुतेक टाय तसेच शिवले जातात. अरुंद टोक धरून टाय हवेत लोंबकळत सोड. सरळ लटकला तर कापणी नीट आहे. गरगर पिळला तर कापताना तिरका धागा चुकलाय, आणि तो गाठीतही पिळणारच.

माटुंगा_७८ | शुक्रवार, रात्री १०.४०

काचबटण ताई, तो बटणाचा आकडा फार मोलाचा. माझं चौथं बटण होतं, पस्तीस वर्षं.

यात भर घालतो. सोडताना अरुंद टोक गाठीतून खेचून काढू नये. ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत, बोगद्यातून वर, गळ्यातून खाली. आणि गाठ तशीच ठेवून डोक्यावरून काढून खुंटीला अडकवायची सवय मुळीच नको. तिथे कायमची घडी पडते. सैल गुंडाळी करून रात्रभर ठेवला की सुरकुत्या जातात, इस्त्री लागत नाही.

लेथमास्तर | शनिवार, सकाळी ७.५०

भीमाकाठ, तुझ्या अण्णांचं वाक्य वाचून लिहायलाच बसलो. मी कारखान्यात तीस वर्षं काढली. जनावराच्या गळ्यात सुरगाठ घालत नाहीत ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी फिरत्या यंत्राजवळ टाय घालत नाहीत. लेथच्या चकने, म्हणजे तुकडा धरून फिरणाऱ्या भागाने, टोक पकडलं तर गाठ सुटत नाही, आवळत जाते, आणि माणूस आत ओढला जातो. यंत्र थांबेपर्यंत वेळ मिळत नाही. म्हणूनच सुरक्षारक्षकांना बऱ्याच ठिकाणी चिमट्याचा टाय देतात, ओढला की हातात येतो.

मेकॅनिकलची मुलाखत आहे. शॉपफ्लोअरवर किंवा वर्कशॉपमध्ये नेलं तर कोणी सांगायची वाट बघू नकोस, आधी टाय काढ. शर्टात खोचणं पुरेसं नाही. पूर्ण काढ.

भीमाकाठ | शनिवार, सकाळी ८.३०

सर, हे डोक्यात पक्कं बसलं. अण्णांना वाचून दाखवलं. काचबटण ताई, एक फेरा जास्त घेतल्यावर लांबी बरोबर जुळली. माझं तिसरं बटण.

भीमाकाठ | सोमवार, रात्री ८.४५

धागा वर काढतोय, कारण सांगायचंच होतं.

सकाळी हॉस्टेलवर पाचजणांचे टाय मी बांधले. पिंपळपान ताईंनी सांगितलं तसं मागे उभं राहून. एकजण सहा फुटी आहे, त्याला एकच फेरा. बाकीच्यांना माझ्यासारखे दोन.

लेखी परीक्षा झाली, मग तोंडी, मग खरंच वर्कशॉपला नेलं. मी दारातच टाय काढून घडी करून खिशात ठेवला. आत उभ्या असलेल्या सरांनी बघितलं आणि मग सगळ्यांनाच काढायला लावला. लेथवर स्टेप टर्निंगचा, म्हणजे पायरीपायरीने जाडी कमी होत जाणारा, एक तुकडा करायचा होता, तो मापात आला. बाहेर आल्यावर पाच मिनिटांत शेवटच्या फेरीला बोलावलं. तिथे आरसा नव्हता, बाथरूम दुसऱ्या इमारतीत. जिन्यात उभ्या उभ्या बांधला. वरून, खालून, वरून, आणखी एक फेरा, गळ्यातून, बोगद्यातून. शेजारच्या मुलाला विचारलं, मधोमध आहे का? तो म्हणाला, आहे, माझा पण बांध.

निकाल गुरुवारी आहे. अण्णांचा फोन आला होता, पहिला प्रश्न "गाठ घसरली का?" हा होता. घसरली नाही.

आता एक मदत हवी. परत येताना टपरीवर टायला चहा सांडला. रुंद टोकाच्या वर, रुपयाएवढा डाग आहे. गुरुवारी पुन्हा लागू शकतो. काय करू?

माटुंगा_७८ | सोमवार, रात्री ८.५८

शाब्बास रे. जिन्यात आरशाशिवाय बांधलास, वाचून फार बरं वाटलं.

काचबटण | सोमवार, रात्री ९.०६

चोळू नकोस, ब्रश तर अजिबात नको. पॉलिस्टर आहे म्हणून निभावेल, रेशीम असता तर धोब्याकडेच द्यायला सांगितलं असतं. डागाच्या खाली जुना पांढरा रुमाल घडी करून ठेव. दुसरा रुमाल गार पाण्यात बुडवून पिळून घे आणि बाहेरून मधल्या दिशेने नुसता टिपत जा. खालचा रुमाल पिवळट झाला की जागा बदल. तरी राहिला तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब वाटीभर पाण्यात, पुन्हा टिपायचं, पुन्हा साध्या पाण्याने. पिळायचा नाही, उन्हात घालायचा नाही. टॉवेलवर सपाट पसरून पंख्याखाली ठेव. आजच कर, उद्यापर्यंत चहा मुरेल.

भीमाकाठ | सोमवार, रात्री ९.५५

केलं. तिसऱ्या रुमालाला रंग आला नाही. ओला आहे म्हणून नीट कळत नाहीये, सकाळी बघून सांगतो.